केमो चालू असताना ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’चा रिपोर्ट जास्त आलाय, अँटिऑक्सिडंट द्यायचे का?

बेदाणा_शेड_तासगाव

नमस्कार मंडळी. आमची तासगाव तालुक्यात बेदाण्याची शेड आहे. सीझन ऐन भरात आहे, त्यामुळं रात्री सगळं आवरून लिहायला बसलोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमचे आप्पा, म्हणजे वडील, वय 58. शुगर आहे. तंबाखू होती, ऑपरेशनपासून बंद. शौचाला रक्त पडायचं ते मूळव्याध म्हणून बरेच दिवस चाललं. जो भेटेल तो एक पुडी सांगायचा. शेवटी वजन उतरायला लागलं तेव्हा मिरजेत कोलोनोस्कोपी केली आणि मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणावर, सिग्मॉइडला, गाठ निघाली. जानेवारीत ऑपरेशन झालं. काढलेल्या 14 लिम्फ नोडपैकी 2 मध्ये आजार सापडला म्हणून तिसरी स्टेज. आता केपॉक्स चालू आहे. पहिल्या दिवशी ऑक्झॅलिप्लॅटिनची सलाईन, मग कॅपेसिटाबिनच्या गोळ्या 14 दिवस सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, मग 7 दिवस सुट्टी. अशा चार सायकल सांगितल्यात, दुसरी चालू आहे. माणूस तसा धीराचा. केमो घेऊन आले की दुसऱ्या दिवशी शेडवर खुर्ची टाकून बसतात आणि कामगारांवर ओरडतात, म्हणजे ठीक आहेत असं आम्ही समजतो.

आता मुद्दा. आत्त्याच्या मालकांच्या ओळखीनं आप्पांना सांगलीतल्या एका वेलनेस सेंटरमध्ये नेलं. तिथं ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस प्रोफाइल’ म्हणून रक्त घेतलं, साडेचार हजार रुपये. रिपोर्टात एमडीए म्हणून काहीतरी आहे, त्यापुढं लाल बाण वर. ग्लुटाथायोन आणि ‘टोटल अँटिऑक्सिडंट कपॅसिटी’ला लाल बाण खाली. तिथल्या माणसानं सांगितलं की शरीर आतून गंजतंय, कॅन्सर त्यातूनच झाला, आणि हे खाली आणलं नाही तर केमो वाया जाईल. त्यावर पॅकेज दिलंय: आठवड्याला एक ग्लुटाथायोन आणि व्हिटॅमिन सीची ड्रिप, रोज व्हिटॅमिन ई 400 युनिट, सेलेनियम 200 मायक्रोग्रॅम, हळदीच्या कॅप्सूल, शिवाय एक मल्टीव्हिटॅमिन. गोळ्यांचा डबा घरात येऊन पडलाय, अजून फोडला नाही. ड्रिप गुरुवारी लावायची म्हणतात.

खरं सांगायचं तर मला त्या माणसाचं पटलं होतं, कारण आमचा धंदाच तो आहे. द्राक्ष पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून रॅकवर टाकतो, माल वाळला की गंधकाची धुरी देतो. धुरी कमी पडली तर बेदाणा काळपट होतो आणि सौद्यात दर पडतो. हवेतला ऑक्सिजन मालाचं काय करतो ते आम्हाला कुणी शिकवायला नको. मग आप्पांच्या अंगातही तसंच होत असेल तर धुरीसारखं काहीतरी द्यायला काय हरकत, असं वाटतं. पण बायको म्हणाली की केमोच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा फोडायचा नाही. ओपीडी सोमवारी आहे. तोवर इथं कुणाला माहिती असेल तर सांगा. रिपोर्ट खोटा आहे का? आणि खरा असेल तर काय द्यायचं?

आवळा_प्रेमी

रोज सकाळी उपाशीपोटी आवळा रस आणि गव्हांकुर. केमोची गरजच पडत नाही.

हळद_अडत_सांगली

वरच्या आवळेवाल्यांचं मनावर घेऊ नका. नोडमध्ये आजार गेलेला असताना केमो सोडायला सांगणाऱ्याला गणपती पेठेतून हाकलला पाहिजे.

पाव्हणं, मी मार्केट यार्डात हळदीचा अडत्या. राजापुरी हळदीचे सौदे बघण्यात केस पांढरे झाले. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा आमच्या गाळ्यावर पेढे वाटले होते. तेव्हा माझ्या तोंडून हळदीविरुद्ध शब्द निघणं अवघड आहे. तरी सांगतो, आमटीत भाजीत हळद खुशाल घाला, त्या कॅप्सूल मात्र तशाच राहू द्या.

हळकुंडात कुरकुमीन शंभराला तीन-चार भाग, फार तर पाच. कॅप्सूलमध्ये भरतात तो अर्क, त्यात 95 टक्क्यांपर्यंत कुरकुमीन. नुसतं कुरकुमीन रक्तात फारसं उतरत नाही, म्हणून वर मिरीतलं पिपरिन घालतात. ते पिपरिन लिव्हरमधल्या औषधं मोडणाऱ्या यंत्रणेत लुडबुड करतं. इटलीत 2019 मध्ये असल्या सप्लिमेंट घेणाऱ्या लोकांना लिव्हरला सूज येऊन कावीळ झाल्याची प्रकरणं निघाली आणि तिथल्या आरोग्य खात्यानं डब्यांवर इशारा छापायला लावला. आमच्याकडं माल उचलणाऱ्या एक्स्पोर्टवाल्यांत तेव्हा हीच चर्चा होती. केमोत दर सायकलीला लिव्हरच्या तपासण्या करतात त्या उगाच नाही. त्यात हे आणि कशाला?

निवृत्त_बायोकेम_मिरज

तासगावचे दादा, मी मिरजेत बरीच वर्षं मेडिकलच्या मुलांना बायोकेमिस्ट्री शिकवली. मी कॅन्सरची डॉक्टर नाही, औषधाचा निर्णय तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टचाच. पण त्या लाल बाणावर बोलायचा अधिकार मला आहे, कारण तो बाण कसा तयार होतो ते माझ्या हातांना माहीत आहे.

एमडीए म्हणजे मॅलॉनडायअल्डिहाइड. पेशीच्या पातळ पडद्यात जी स्निग्ध आम्लं असतात त्यांच्यावर फ्री रॅडिकलचा, म्हणजे ऑक्सिजनपासून तयार होणाऱ्या उतावळ्या कणांचा, हल्ला झाला की ती तुटतात आणि त्या तुकड्यांपैकी हा एक. या कणांचा मारा वाढला की ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणायचं, आणि त्यांना शांत करणारी द्रव्यं म्हणजे अँटिऑक्सिडंट. तो मोजायची सर्वांत स्वस्त पद्धत अशी: सीरममध्ये ट्रायक्लोरोॲसेटिक आणि थायोबार्बिट्युरिक ॲसिड घालायचं, उकळत्या पाण्यात ट्यूब ठेवायची, गुलाबी रंग येतो, तो 532 नॅनोमीटरवर मोजायचा. दिसायला फार सुंदर प्रयोग. मुलांना आवडायचा. अडचण अशी की थायोबार्बिट्युरिक ॲसिड एमडीएशी एकनिष्ठ नाही. इतर अल्डिहाइड, काही साखरा, पित्तातली रंगद्रव्यं यांच्याशीही ते रंग देतं. रक्त घेताना सुई नीट लागली नाही, ट्यूब जोरात हलवली आणि लाल पेशी फुटल्या, की आकडा वर. नमुना नीट थंड न ठेवता पडून राहिला, आकडा वर. लॅब बदलली की नॉर्मलची रेषाच बदलते, कारण सगळीकडं मान्य झालेली अशी रेषा अस्तित्वात नाही. शिवाय मधुमेह, तंबाखू, मोठं ऑपरेशन, केमो, यातलं प्रत्येक कारण एमडीए वाढवायला पुरेसं आहे आणि आप्पांच्याकडं ही चारही आहेत. तो बाण वर गेला नसता तर मला आश्चर्य वाटलं असतं.

म्हणजे रिपोर्ट खोटा आहे असं मी म्हणत नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांमध्ये एमडीए निरोगी माणसांपेक्षा जास्त आणि अँटिऑक्सिडंट साठा कमी असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलंय. पण ती गटांची सरासरी. एकट्या आप्पांच्या आकड्यावरून आजार परत येणार का, केमो लागू पडतंय का, यातलं काही ठरवता येत नाही. म्हणून ऑन्कॉलॉजिस्ट ती तपासणी सांगत नाहीत. पाठपुराव्याला ते सीईए ही रक्ताची तपासणी, सीटी स्कॅन आणि वर्षभरानं कोलोनोस्कोपी सांगतील, ती चुकवू नका.

‘कॅन्सर त्यातूनच झाला’ हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि मला त्यातला खरा अर्धा भाग फार आवडतो. फ्री रॅडिकल डीएनएमधल्या ग्वानिन या अक्षराला बिघडवतात. बिघडलेलं ग्वानिन पुढच्या वेळी चुकीचा जोडीदार धरतं आणि अक्षर कायमचं बदलतं. ही चुकीची जोडी उचकटून काढायला आपल्या पेशीत एक एन्झाइम आहे, त्याच्या जीनचं नाव एमयूटीवायएच. 2002 मध्ये कार्डिफच्या संशोधकांना ब्रिटनमधलं एक कुटुंब सापडलं. त्यातल्या काही भावंडांना आतड्यात पुष्कळ पॉलिप आणि कॅन्सर झाले होते, आणि त्यांच्यात आईकडून आलेली व वडिलांकडून आलेली अशा या जीनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या. दुरुस्ती करणारा कामावर नाही, म्हणून ऑक्सिडेशनचे ओरखडे साचत जातात आणि पॉलिप रोखणाऱ्या एपीसी जीनवरच घाव पडतो. ऑक्सिडेशन आणि आतड्याचा कॅन्सर यांचा याहून सरळ पुरावा मी वर्गात दुसरा सांगितलेला नाही. बाकी बहुतेक रुग्णांत हे ओरखडे अनेक कारणांपैकी एक असतात. तंबाखू, दारू, लठ्ठपणा, लाल मांसातलं लोहयुक्त हीम, आतड्याची जुनी सूज, सगळी मंडळी तिथं हातभार लावतात.

आता तुमच्या गंधकाच्या धुरीबद्दल. उपमा झकास आहे, पण एका जागी मोडते. बेदाणा वाळला की तो जिवंत राहत नाही, त्याला आहे तसा टिकवायचा एवढंच तुमचं काम. आप्पांच्या अंगात निरोगी पेशी जिवंत आहेत आणि कुठं चुकार कॅन्सर पेशी उरली असेल तर तीही जिवंत आहे. तुम्ही धुरी दिलीत तर ती दोघींनाही टिकवेल. कॅन्सरची पेशी आधीच जास्त ऑक्सिडेटिव्ह ताणात जगत असते, म्हणून ती स्वतःच ग्लुटाथायोनचा, म्हणजे पेशीच्या स्वतःच्या अँटिऑक्सिडंटचा, साठा बऱ्याचदा वाढवून बसते. तिला बाहेरून आणखी ग्लुटाथायोन पुरवायचं कशासाठी? त्यात ऑक्झॅलिप्लॅटिन हे प्लॅटिनमचं औषध. ग्लुटाथायोनमधलं गंधक प्लॅटिनमला चिकटतं आणि त्याला निकामी करतं. प्लॅटिनमच्या औषधांना पेशी दाद देईनाशा होतात त्याचं हे एक माहीत असलेलं कारण आहे. योगायोग बघा, गंधक इथंही आहेच, फक्त चुकीच्या बाजूनं.

पॅकेजमधला एकेक डबा तपासू. व्हिटॅमिन ई 400 युनिट आणि सेलेनियम 200 मायक्रोग्रॅम, अगदी हेच डोस अमेरिकेतल्या ‘सिलेक्ट’ चाचणीत 35,000 हून जास्त निरोगी पुरुषांवर वापरले. प्रोस्टेटचा कॅन्सर कमी होईल अशी आशा होती. 2008 मध्ये गोळ्या थांबवल्या, 2011 मध्ये निकाल आला की नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत तो कॅन्सर 17 टक्क्यांनी वाढला. त्याआधी 1994 मध्ये फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन दिलं तर फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी वाढला. त्याच वर्षी आतड्यातले पॉलिप काढलेल्या लोकांवरची चाचणी आली: बीटा कॅरोटीन, सी, ई देऊनही नवे पॉलिप कमी झाले नाहीत.

व्हिटॅमिन सीचं तर थेट तुमच्याच आजारात झालंय. लायनस पॉलिंग, दोन नोबेल मिळवलेला माणूस, रसायनशास्त्रात आमचं दैवत, त्यांनी ते उचलून धरलं होतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं 1985 मध्ये मोठ्या आतड्याचा पसरलेला कॅन्सर असलेल्या 100 रुग्णांना रोज 10 ग्रॅम व्हिटॅमिन सी किंवा तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी दिली. फरक पडला नाही. नंतर काहींचं म्हणणं पडलं की शिरेतून द्यायला हवं. तेही चीनमध्ये केमोबरोबर करून झालं, 2022 मध्ये निकाल आला, एकूण रुग्णांत आजार रोखण्याचा काळ वाढला नाही. शिरेतून मोठा डोस द्यायचा तर आधी जी-सिक्स-पीडी हे लाल पेशींतलं एन्झाइम तपासावं लागतं, नाहीतर काहींच्या लाल पेशी फुटतात. आणि अशा ड्रिपनंतर काही ग्लुकोमीटर साखर खोटीच जास्त दाखवतात. शुगरच्या माणसाला त्या आकड्यावर इन्सुलिन दिलं तर काय होईल विचार करा. हे त्या सेंटरमध्ये कुणी सांगितलं का?

आणि सगळ्यात साळसूद दिसणारी ती मल्टीव्हिटॅमिन. डब्यामागं बारीक अक्षरांत फॉलिक ॲसिड आहे का बघा. कॅपेसिटाबिनचं शरीरात फाइव्ह-एफयू हे केमोचं औषध बनतं आणि फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडच्या जातीची द्रव्यं, त्याचा परिणाम वाढवतात, म्हणजे जुलाब, तोंड येणं, तळहात-तळपाय सोलणं हेही वाढतं. बी-कॉम्प्लेक्स म्हणून मेडिकलमधून उचलली जाणारी गोळीही याच कारणानं डॉक्टरांना दाखवून घ्यायची.

बेदाणा_शेड_तासगाव

बाई, तुम्ही तर आमची शाळाच घेतलीत. आभारी आहे. डबा आत्ता बघितला, फॉलिक ॲसिड आहे. 1.5 मिलिग्रॅम.

दोन गोष्टी अजून. एक, ताटात काय चालतं? घरात आता प्रत्येकजण आप्पांच्या ताटाकडं संशयानं बघतोय. परवा टोमॅटो अँटिऑक्सिडंट आहे म्हणून आईनं काढून ठेवला. बेदाणा द्यायचा का हाही प्रश्न आहे, शेडवर बसले की हात जातोच. दोन, त्यांना गार पाण्याचा फार त्रास होतोय. पंपाच्या पाइपला हात लावला तर करंट बसल्यासारखं होतं म्हणतात. सेंटरवाला म्हणाला हाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, ग्लुटाथायोननं जाईल.

कोरेगावकर_सातारा

मी पेशंट बोलतोय. दोन वर्षांपूर्वी माझी केपॉक्स झाली, साताऱ्यात राहून पुण्याला जाऊन घेत होतो. गारव्याचा करंट ही ऑक्झॅलिप्लॅटिनची सही आहे, जवळपास प्रत्येकाला होतो. सलाईननंतरचे काही दिवस फ्रीजमध्ये हात घालायचा नाही, पिण्याचं पाणी कोमट, आंघोळ गरम, पहाटे बाहेर पडताना कानटोपी आणि हातमोजे. गार पाणी गिळताना घसा आवळल्यासारखा होतो आणि माणूस घाबरतो, पण तो आवळतो असं वाटतं, श्वास बंद पडत नाही. आप्पांना हे आधी सांगून ठेवा. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि उसाच्या रसात बर्फ घेतल्यावर मी रसवंतीवाल्याला मरणाचा घाबरवला होता.

पुढच्या सलाईनपर्यंत मुंग्या राहायला लागल्या, शर्टाची बटणं लागेनाशी झाली, तर मात्र लगेच डॉक्टरांना सांगा. ते डोस कमी करतात. माझा केला होता. आप्पांच्या पिढीची माणसं ‘चालतंय’ म्हणून दाबून ठेवतात, तेव्हा बटणं तुम्हीच बघा. ग्लुटाथायोनचं मीही विचारलं होतं. आमच्या डॉक्टरांचं उत्तर: छोट्या अभ्यासात बरं वाटलं, तेवढ्यावर मी देणार नाही. मुंग्यांनी दुखायला लागलं तर ड्युलोक्सेटिन नावाची गोळी आहे, तिच्यामागं नीट चाचणी आहे.

निवृत्त_बायोकेम_मिरज

कोरेगावकरांनी माझं काम हलकं केलं. ताटाबद्दल: टोमॅटो परत वाढा! जेवणातून मिळणारं प्रमाण आणि गोळीतलं प्रमाण यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, उसळ, ताक, फळं, सगळं चालेल. जुलाब लागले तर तेवढे दिवस चोथा कमी. बेदाणा शुगरच्या हिशोबानं, मूठभर नको, चार मणी. सीझनमध्ये धुरीच्या खोलीपासून खुर्ची लांब ठेवा, ते ऑक्सिडेशनसाठी नाही, खोकल्यासाठी.

पैसे आणि उत्साह उरलाच असेल तर तो चालण्यात घाला. 2025 मध्ये ‘चॅलेंज’ चाचणीचा निकाल आला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो संपलेले 889 रुग्ण, निम्म्यांना तीन वर्षं शिस्तीत व्यायाम करवला, निम्म्यांना नुसती माहितीपुस्तिका दिली. पाच वर्षांनी आजाराविना असलेले व्यायामवाले 80 टक्के, पुस्तिकावाले 74. गोळीनं एवढं केलं असतं तर ती केवढ्याला विकली असती? केमो संपली की आप्पांची शेडवरची खुर्ची काढून घ्या.

मी विचारते ते सोमवारी विचारून या. एक, बायोप्सीवर एमएमआर, म्हणजे डीएनए दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांची, तपासणी झाली आहे का, कारण घराण्यातून येणारा लिंच सिंड्रोम त्यातून कळतो. दोन, कोलोनोस्कोपीत पॉलिप किती होते. दहा-वीस किंवा जास्त असते तर मी वर सांगितलेल्या जीनचा विचार केला असता.

बेदाणा_शेड_तासगाव

सोमवारचं सांगतो. डॉक्टरांनी पॅकेजचा कागद बघितला, डोक्याला हात लावला नाही की ओरडले नाहीत, नुसतं ड्रिप, ई, सेलेनियम, हळद, मल्टीव्हिटॅमिन या प्रत्येकावर काट मारली आणि म्हणाले, केमो संपल्यावर व्हिटॅमिन डी आणि बी-12 तपासू, कमी असेल तेवढं देऊ. एमएमआर नॉर्मल आहे. पॉलिप एकच होता. मुंग्या अजून सलाईननंतर चार-पाच दिवसांत जातात, बटणं लागतात, मी रोज बघतो, आप्पा वैतागतात.

सेंटरवाल्याचा गुरुवारी फोन आला होता. बायकोनं उचलला. काय बोलली ते इथं लिहीत नाही. डब्याचे पैसे परत देतो म्हणालाय, बघू.

शेवटचं. डॉक्टर म्हणाले, चुलत्यांनी आणि आत्त्यानं कोलोनोस्कोपी करून घ्यावी. चुलते 55 चे, आत्त्या 51 ची. आणि मी 34 चा, मला कधी?

निवृत्त_बायोकेम_मिरज

चुलते आणि आत्त्या, याच सीझननंतर. त्यांना त्रास असो वा नसो. तुम्ही 40 व्या वर्षी, किंवा घरात ज्याला सर्वांत लहान वयात झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल ते. आप्पांना 58 ला झाला म्हणजे 48, तेव्हा तुमचं 40 धरा. त्याआधी रक्त दिसलं तर मूळव्याधीची पुडी नाही, सरळ मिरज.

हळद_अडत_सांगली

आत्त्याच्या मालकांनाही घेऊन जा. त्यांचंही वय झालंच असेल.